नवी हवा आणि आमची वऱ्हाडी

२०२५ च्या जुलै महिन्याच्या शेवटी झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' नव्याने सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांत मला चार फोन आले. दोन पुण्याहून, एक नागपूरहून, एक ठाण्याहून. कुणी मावशी म्हणणारं, कुणी काकू म्हणणारं, पण प्रश्न सगळ्यांचा एकच. "पाहिली का? कशी वाटली?" मी प्रत्येकाला थोडं थोडं उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर दर वेळी वाटायचं की खरं म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता सलग लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं मत. जुनी मालिका १८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली होती आणि मार्च २०२४ मध्ये संपली. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं. एवढा काळ एखादी गोष्ट घरात येत राहिली की ती नातेवाइकासारखी होते. कंटाळा आला तरी दार उघडावंच लागतं. डॉ. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे ही मंडळी आमच्याकडे जेवणाच्या वेळी हजर असायची. नव्या फेरीत साबळ्यांच्या जागी अभिजित खांडकेकर आले. श्रेया बुगडे, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे यांच्या जोडीला गौरव मोरे आणि प्रियदर्शन जाधव आले. या पाचजणांच्या हाताखाली राज्यभरातून निवडलेली नवी मुलं, आणि त्यांची आपसात स्पर्धा. नावही 'कॉमेडीचं गँगवॉर'. नाव ऐकूनच माझ्या कपाळाला आठी पडली होती, पण ते असो. हल्ली देवळातल्या भजनाचीसुद्धा स्पर्धा असते.

आवडलं काय ते सांगते. नवीन मुलं आवडली. लहान गावांतून आलेली, अंगात भीती आणि डोळ्यांत हिंमत अशी दोन्ही असलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यामागे उभं राहून अशी मुलं मी तीस वर्षं पाहिली आहेत. त्यांचा पाय थरथरतो ते कॅमेऱ्याला दिसत नसेल, मला दिसतं. श्रेया बुगडेंचं टायमिंग आवडलं. त्या बाईंना गप्प बसूनही हसवता येतं, ही फार कठीण विद्या आहे.

खटकलं ते असं. आवाज फार. प्रत्येक वाक्यानंतर ढ्यँक करून काहीतरी वाजतं. आता हसा, आता टाळी वाजवा, हे आम्हाला सांगावं लागतं का? दुसरं म्हणजे पुरुषांनी साडी नेसून येणं. याला माझा तत्त्वतः विरोध नाही. आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेले. पण गंधर्वांनी साडी नेसली की लोक बाई पाहायचे आणि इथे साडी नेसली की लोक पुरुष पाहतात आणि साडीलाच हसतात. हा फरक लहान नाही.

एवढंच म्हणायचं असतं तर फोनवर भागलं असतं. अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

आमच्याकडे टीव्ही पाहायला आम्ही दोघंच. आमचे हे आरामखुर्चीत, मी दिवाणावर. भारत गणेशपुऱ्यांनी तोंड उघडलं की हे सरसावून बसतात. गणेशपुरे अमरावतीकडचे. त्यांच्या तोंडून "काहून बे" निघालं की ह्यांचं पोट हलायला लागतं. त्या रात्री हे असेच हसले, डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"काहून वं, तू हसून नाई राहिली?"

"हसली ना मघा."

"मघा हसली. आता काहून नाई? आपला मानूस बोलून राह्यला, आपल्या बोलीत. घरबसल्या सारा महाराष्ट्र आयकून राह्यला. अजून काय पायजे तुले?"

आता गंमत अशी की "काहून वं, तू हसून नाई राहिली" हे वाक्य ह्यांनी अगदी सहज म्हटलं. त्यात विनोद नव्हता. पण हेच वाक्य मुंबईच्या स्टुडिओत कुणी म्हटलं असतं तर समोरचे लोक खळखळून हसले असते. मग हसण्यासारखं त्यात काय होतं? मी तेच शोधत होते, म्हणून हसले नव्हते.

मला हा प्रश्न का पडावा, हे कळायला आमच्या गावात टीव्ही कसा आला ते थोडं सांगायला हवं.

आमचं कारंजा म्हणजे कारंजा (घाडगे). वर्धा जिल्हा, नागपूर-अमरावती महामार्गावरचं तालुक्याचं गाव. दुसरं कारंजा (लाड), ते वाशीम जिल्ह्यातलं, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. आमची पत्रं तिकडे आणि तिकडची इकडे हा खेळ माझ्या लग्नापासून चालू आहे. पुण्या-मुंबईच्या माझ्या वयाच्या मैत्रिणी मराठी टीव्हीवरचा विनोद म्हटलं की चटकन 'चिमणराव' म्हणतात. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची ती मालिका, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती मुंबई दूरदर्शनवर लागायची आणि त्या वेळी रस्ते ओस पडायचे, असं सगळ्या सांगतात. त्या सांगतात आणि मी मान हलवते. कारण मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तरी ते आमच्यासाठी नव्हतं. आमच्या आकाशात तेव्हा काहीच नव्हतं, कावळे सोडून! चिमणराव मला पुस्तकातून माहीत होते, चेहऱ्याने नव्हे.

आमच्याकडे टीव्ही आला तो थेट राष्ट्रीय कार्यक्रमाचा. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून देशभर एकच कार्यक्रम दिसू लागला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत पहिला संच आला. आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा. गच्चीवर उंच बांबूला ॲन्टेना, त्याचं तोंड नागपूरकडे. एक पोरगं वर, एक जिन्यात, एक खाली. "आलं का?" "आलं!" "गेलं!" अर्धा वेळ पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांतून आम्ही १९८४ साली 'हम लोग' पाहिली आणि त्याच वर्षी सुरू झालेली 'ये जो है जिंदगी' पाहिली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि दर भागात वेगळाच माणूस बनून येणारे सतीश शाह. लिहिणारे शरद जोशी, म्हणजे हिंदीतले मोठे व्यंगकार. गल्लीतल्या बायका भाकरी थापून, चुलीवर पाणी मारून यायच्या आणि हिंदीत हसायच्या. म्हणजे पाहा, टीव्हीवरचा आमचा पहिला विनोद मराठी नव्हताच.

मराठी विनोद घरात आला तो केबलच्या तारेतून, अल्फा टीव्ही मराठी आल्यावर. २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. पुन्हा दिलीप प्रभावळकर, या वेळी आजोबा. त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावर ती बेतलेली. दिग्दर्शक केदार शिंदे. पहिला भाग पाहिला तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं की ही टिकणार. त्या घरात कुणीही आमच्यासारखं बोलत नव्हतं. स्वच्छ मुंबईचं मध्यमवर्गीय घर. तरी ते घर आम्हाला आपलं वाटलं, कारण त्यात कुणाच्या बोलण्याला हसायचं नव्हतं. हसायचं ते घरातल्या माणसांच्या लहान लहान लबाड्यांना, आणि त्या लबाड्या कारंजातही होत्या.

नंतर २०१० च्या सुमारास 'फू बाई फू', २०१४ ला 'चला हवा येऊ द्या', २०१८ ला सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. या काळात मराठी टीव्हीवर पहिल्यांदा गावोगावचे आवाज ऐकू आले. कोकणातले, कोल्हापूरचे, मराठवाड्याचे आणि आमचेही. हे चांगलंच झालं. चिमणरावांच्या वेळी आम्ही प्रेक्षकसुद्धा नव्हतो, आता आमचा माणूस पडद्यावर आला. ह्यांचा आनंद मला कळतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मराठीत बातम्या ऐकलेल्या माणसाला आपल्या मराठीत शिवी ऐकली तरी गोड लागते.

पण...

पण या 'आमच्या' बोलीचं टीव्हीने काय केलं, ते बघू. टीव्हीच्या लेखी नागपूर ते बुलढाणा सगळी एकच वऱ्हाडी. खरं म्हणजे वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, आणि अकोल्यातून निघालेला वाशीम. वर्धा नदी ही वऱ्हाडाची वेस. आम्ही नदीच्या अलीकडचे, जुन्या मध्य प्रांतातले. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-सर्वेक्षणातही वऱ्हाडी आणि नागपुरी वेगळ्या नोंदल्या आहेत. अर्थात नदीला पूल आहे, सोयरिकी आहेत, त्यामुळे आमचं बोलणं दोन्हींच्या मधलं. मले, तुले, कायले. शाळेला शाया. करून राहिलो, जाऊन राहिलो. बाई असली तरी "मी आली, मी गेली". कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पुण्यात मंडईत मी एकदा "दहाचा सांबार द्या" म्हटलं तर त्या बाईने मला समोरचं उडुप्याचं हॉटेल दाखवलं होतं. तिची काही चूक नाही. मीही हसले, तीही हसली. तो विनोद दोघींचा होता.

"मी आली" हे मात्र वेगळं. त्याला लोक हसतात ते आपण हसतोय हे न कळून हसतात. व्याकरण चुकलेल्या मुलाला हसावं तसं. वास्तविक ती चूक नाही. तो आमच्या बोलीचा नियम आहे आणि नियम म्हणून तो पक्का आहे. आमच्याकडची कोणतीही अडाणी बाई त्यात कधी चुकत नाही. मी लिहिताना "आले, गेले" लिहिते, घरात "आली, गेली" म्हणते. दोन साड्या आहेत, एक बाहेरची, एक घरातली. घरातली साडी फाटकी असते असं नाही.

आणि ही बोली काय फक्त हसण्यासाठी जन्मली? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी मराठी जुनी आहे हे दाखवताना आपण ज्या ग्रंथांकडे अभिमानाने बोट दाखवतो, त्यातला 'लीळाचरित्र' कुठे सिद्ध झाला? रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. मराठी विनोदी लेखनाचे आद्य पुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर कुठे राहून लिहीत होते? बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदला. 'सुदाम्याचे पोहे' शिजले ते आमच्या बाजूच्या चुलीवर. त्यांना गुरू मानणारे गडकरी १९१९ साली गेले ते नागपूरजवळच्या सावनेरला. म्हणजे मराठी विनोदाला विदर्भाची हवा काही नवी नाही. मात्र हेही खरं की कोल्हटकर-गडकऱ्यांनी विनोद केला तो प्रमाण मराठीत. आमच्या बोलीत ज्यांनी विनोद केला ते वेगळे होते. ते ना लेखक होते, ना नट.

गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव, अमरावती जिल्हा. त्यांचं कीर्तन माझ्या वडिलांनी ऐकलं होतं आणि ते सांगताना वडील अजून हसायचे. बाबा लोकांना प्रश्न विचारत, लोक एका आवाजात उत्तर देत, आणि त्या उत्तरातच बाबा त्यांना पकडत. देवाला नैवेद्य दाखवता, मग कुत्रं आलं तर ते हाकलायला माणूस का लागतो, अशा तऱ्हेचा तो सवाल-जवाब. लोक हसत हसत खाली मान घालायचे. १९५६ साली, म्हणजे ते गेले त्याच वर्षी, मुंबईला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. जरूर ऐका. समोर मुंबईचे लोक, आणि बोली मात्र आमची, अस्सल, एक शब्द न बदललेली. लोक हसतात. पण कशाला हसतात? बाबांच्या "मले-तुले"ला नाही. ते स्वतःला हसतात. बोली ही बाबांच्या हातातली खराट्यासारखी वस्तू होती. झाडायची ती घाण समोर होती, खराट्याला कुणी हसत नव्हतं.

मला जे म्हणायचं होतं ते हेच. बोलीतला विनोद आणि बोलीचा विनोद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मालवणीने हे रंगभूमीवर करून दाखवलं आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं. त्यात अख्खं गाव मालवणी बोलतं. मालवणी बोलणारा एकटा गडी आणि बाकी सगळे पुणेरी, असं नाही. त्यामुळे तिथे मालवणी हा विनोदाचा विषयच राहत नाही. विनोद आहे तो गावातल्या नाटकाच्या फजितीचा. आणि आमच्या बोलीने रडवूनही दाखवलं आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. त्यातली कौतिक आमच्यासारखंच बोलते आणि तिचं बोलणं वाचताना कुणालाही हसू येत नाही. गळा दाटतो. २०१६ च्या 'सैराट'मधली आर्ची सोलापूरकडचं बोलते, बुलेट चालवते, आणि लोकांना तिचा दरारा वाटतो. म्हणजे बोलीत काही मुळातच हास्यास्पद असतं, ही समजूत खोटी. ती कुणाच्या तोंडी घालतो आणि त्याला कोणत्या खुर्चीवर बसवतो, यावर सगळं आहे.

आता घरातली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला हे एवढं का लागलं ते कळायचं नाही.

आमची नात दहावीपर्यंत कारंजालाच शिकली. आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या कॉलेजच्या संमेलनात एक छोटं विनोदी नाटुकलं बसलं. सहा पात्रं. पाच पात्रं सरळ मराठी-इंग्रजी बोलणारी आणि सहावं वॉचमनचं. वॉचमन वऱ्हाडी. ते हिला देऊ केलं, कारण "तुला ते फनी बोलता येतं ना". हिने मला फोन केला.

"आजी, करू का नको?"

"तुले काय वाटते?"

"मले ना, स्टेजवर जायचं हाय. पण वॉचमनच काहून वऱ्हाडी? प्रिन्सिपल काहून नाई?"

मला वाटलं, शंभर टीव्ही समीक्षकांना जे सुचलं नाही ते या पोरीला सुचलं. मी तिला म्हटलं, हेच त्यांना विचार. तिने विचारलं. ते म्हणाले, प्रिन्सिपल वऱ्हाडी बोलला तर रिअलिस्टिक वाटणार नाही. आमच्या जिल्ह्यात किती मुख्याध्यापक आणि किती प्राचार्य घरी "मले-तुले" बोलतात ते मी मोजून दाखवू शकते. पण ते असो.

शेवटी तिने वॉचमन केला. उत्तम केला म्हणे, बक्षीसही मिळालं. मी "नको" म्हटलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. स्टेजवर जायची हौस असलेल्या मुलीने तत्त्वासाठी घरी बसावं असं मी कुणालाही सांगणार नाही. पण त्या बक्षिसानंतर एक गोष्ट सुरू झाली. मैत्रिणी तिला वाटेत अडवून म्हणायच्या, "ए, बोल ना ते!" आणि ही बोलायची. वाढदिवसाला, मेसमध्ये, व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपात.

२०२५ च्या दिवाळीत ती घरी आली. चार दिवस होती. चारही दिवस माझ्याशी, आजोबांशी, आईशी शुद्ध पुणेरी मराठीत बोलली. "आजी, मी आले हं." "आजी, कोथिंबीर कुठे ठेवली आहे?" आणि संध्याकाळी पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला की गच्चीवर जाऊन, मोठ्याने, "काय करून राह्यली वं पोट्टे!" पलीकडून खिदळण्याचा आवाज.

मी खाली दिवे लावत होते. ह्यांनीही ऐकलं. ह्या वेळी हे हसले नाहीत.

जी बोली बोलायची ती घरात संपली आणि करून दाखवायची म्हणून बाहेर उरली. एखादी भाषा मरते ती अशीच मरत असेल का, कोण जाणे. मरताना लोक टाळ्या वाजवत असतील, हे मात्र मला आधी कधी वाटलं नव्हतं.

याचं खापर मी गणेशपुऱ्यांवर फोडत नाही. मुळीच नाही. त्यांना नीट पाहिलं तर कळतं की जुन्या मालिकेत ते सरपंच असायचे, गड्याच्या नव्हे तर गावच्या मुख्याच्या जागेवर. चेहरा कोरा ठेवून ते बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात एक वेडावाकडा तर्क असतो. हसू येतं ते त्या तर्काला. तो तर्क आमच्या पारावरचा आहे, खरा आहे. दोष असलाच तर तो नक्कल करणाऱ्यांचा, जे तर्क सोडून देतात आणि "बे" तेवढं उचलतात. हे कॉलेजच्या संमेलनांत होतं, लग्नाच्या संगीतात होतं, मोबाईलवरच्या तीस सेकंदांच्या तुकड्यांत तर सर्रास होतं.

मग चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ओळखायचं कसं? माझी एक साधी मास्तरकीची परीक्षा आहे. विनोद प्रमाण मराठीत करून पाहायचा. तरीही हसू आलं तर तो विनोद. नाही आलं तर आपण फक्त बोलीला हसत होतो.

उदाहरण देते. "पोट्टे काय करून राह्यले बे?" याला लोक हसतात. आता म्हणा, "मुलं काय करत आहेत रे?" कुणी हसेल का? चौकशी झाली ती, विनोद कुठे आहे?

आता दुसरं. एका वर्षी मृगाने दगा दिला. आमच्याकडच्यांनी एकदा पेरलं, उगवलं नाही. दुबार पेरलं, ते करपलं. आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या माणसाला ह्यांनी विचारलं, "काय गड्या, तिसऱ्यांदा पेरलं का?" तो दुधाचं माप ओतता ओतता म्हणाला, "पेरलं नाई बापा. वावराले बियानं दाखवून आनलं."

हे प्रमाण मराठीत करून पाहा. "पेरलं नाही हो. शेताला बियाणं दाखवून आणलं." हसू येतं. आणि हसल्यावर पुढच्याच क्षणी आत काहीतरी तुटतं, कारण तो खोटं बोलत नव्हता. बियाण्याचे पैसे उसने होते. ज्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या पेपरात आकड्यांनी मोजल्या जातात, त्या मुलखात माणसं असं बोलून दिवस ढकलतात. हा आमचा विनोद. कोरडा, आवाज न करणारा, चेहरा न हलवणारा. याला ढ्यँक वाजवायची गरज नाही, आणि वाजवलं तर तो मरेल.

नव्या मालिकेकडून मला काही हवं असेल तर ते हेच. राज्यभरातून निवडून आणलेल्या पोरांना सांगावं की बाबांनो, तुमच्या गावात लोक कशावर हसतात ते घेऊन या, कसे बोलतात तेवढंच नको. एखाद्या दिवशी एखादं प्रहसन असं करा की त्यात कलेक्टर वऱ्हाडी बोलेल, डॉक्टरीणबाई वऱ्हाडी बोलतील, जावई वऱ्हाडी बोलेल, आणि कुणीही त्याकडे चमकून बघणार नाही. विनोद दुसऱ्याच कशाचा असेल. तेवढं एकदा झालं की बाकी गँगवॉर घाला, साड्या नेसा, काय हवं ते करा.

ही माझी परीक्षा मी ह्यांना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरनीच्या घरात आता हसाले बी पेपर सोडवा लागते." मी ताबडतोब ते प्रमाण मराठीत करून पाहिलं. "शिक्षिकेच्या घरात आता हसायलाही पेपर सोडवावा लागतो." पास! पैकीच्या पैकी.

दिवाळीनंतर नातीला मी फोनवर एकच सांगितलं. मैत्रिणींशी बोलायचं तर खुशाल बोल, पण माझ्याशीही बोल. कोथिंबीर बाजारात माग, माझ्या स्वयंपाकघरात सांबारच माग. नाहीतर मिळणार नाही. ती "बरं आजी" म्हणाली. "हाव" म्हणाली नाही. बघू.

तुम्ही ही मालिका पाहिली असेल तर तुमचं मत जरूर लिहा. विशेषतः कोकणातल्या, खानदेशातल्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी. तुमच्याकडची पोरं सुट्टीत घरी आल्यावर कोणत्या बोलीत पाणी मागतात, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.